पर्सच्या आतल्या कप्प्यातली गोळी

परदेशी निघालेलं गिऱ्हाईक मला दुकानाच्या पायरीवरच कळतं. एरवी पंधरा दिवसांच्या गोळ्या मोजून नेणारी माणसं त्या दिवशी रुबाबात सांगतात, “मॅडम, सहा महिन्यांचं एकदम बांधा, लेकाकडं निघालोय.” मी विचारते, “कुठल्या देशात?” उत्तर येतं, “फॉरेनला.” जणू फॉरेन नावाचा एकच देश आहे आणि तिथं सगळीकडं एकच कायदा चालतो.

सांगली-मिरजेच्या मधल्या पट्ट्यात माझं औषधांचं दुकान आहे. मिरजेला लोक पूर्वीपासून दोन गोष्टींसाठी लांबून येतात, एक तंबोरा आणि दुसरा डॉक्टर. विल्यम वॉन्लेस या मिशनरी सर्जननं १८९४ साली इथं हॉस्पिटल काढलं आणि अथणी, चिकोडी, विजापूरचे पेशंट मिरज स्टेशनवर उतरू लागले. आता उलटी वाहतूकही सुरू झालीय. साताऱ्याची, कराडची, विट्याची, तासगावची पोरं दुबई, सिंगापूर, म्युनिक, डॅलस अशी पांगली आणि त्यांचे आईवडील नातवंडं सांभाळायला निघाले. बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि गोळ्यांची पिशवी.

रक्तदाब, साखर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्यांचं फारसं काही नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाचं बिल आणि मूळ पाकीट एवढं जवळ ठेवलं की झालं. इन्सुलिन असेल तर सुयांसाठी डॉक्टरांच्या दोन ओळी घ्याव्यात. घोडं अडतं ते वेगळ्याच गोळ्यांपाशी. झोपेच्या आणि घबराटीच्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. मणक्याच्या जबर दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. फिट येणाऱ्यांचं क्लोबाझाम किंवा फेनोबार्बिटोन. एका जागी चित्त न ठरणाऱ्या मुलांना देतात ते मिथाइलफेनिडेट. कॅन्सरच्या वेदनांसाठीचं मॉर्फिन आणि फेन्टानिलची पट्टी. नावं ओळखीची वाटणार नाहीत, कारण आपण ब्रँडनं ओळखतो. पण घरातला औषधांचा डबा उघडून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत, तर यातलं एखादं तरी बऱ्याच घरांत निघेल.

सगळ्यात फसवी आहे ती प्रीगाबालिन. साखरेच्या पेशंटच्या पायांची जळजळ होते, मुंग्या येतात, त्यावर ती मिथाइलकोबालमिनबरोबर एकाच गोळीत येते. आमच्याकडची म्हातारी माणसं तिला “बी-ट्वेल्व्हची गोळी” म्हणतात. भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाही. ब्रिटननं मात्र एप्रिल २०१९ पासून प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन दोन्ही नियंत्रित औषधांत घातली आणि दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीतही प्रीगाबालिनला आधी परवानगी लागते. इथं जिचं कुणाला काहीच वाटत नाही ती गोळी लंडनला उतरल्यावर वेगळ्या यादीत जाऊन बसते, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

यामागचा कायदा थोडक्यात सांगते. जगातल्या बहुतेक देशांनी दोन करार मान्य केलेत, १९६१ चा अमली औषधांबद्दलचा आणि १९७१ चा मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांबद्दलचा. त्यांवर देखरेख ठेवणारं मंडळ व्हिएन्नात बसतं. आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा याच करारांना धरून आला. प्रवाशानं स्वतःपुरतं औषध जवळ बाळगायला या करारांची ना नाही. पण कुठल्या गोळीला कितपत कडक वागवायचं, किती दिवसांपुरती आत येऊ द्यायची आणि आधी अर्ज मागायचा की नुसती चिठ्ठी पाहायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्याच देशात बघा, ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पर्यंत एनडीपीएसच्या बाहेर होतं, मग आत आलं. कालची यादी आज खरी असेलच असं नाही.

म्हणूनच माझ्याकडं पहिला प्रश्न येतो तो असा, “परवानगी कुठं मिळते? कलेक्टर कचेरीत?” कुणी अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीतल्या कार्यालयात चक्कर मारून आलेलं असतं, कुणी पासपोर्टच्या खिडकीवर विचारलेलं असतं. यातलं कुणीही ही परवानगी देत नाही. जिथं उतरणार त्या देशाची परवानगी घ्यायची असते. आपल्या बाजूनं लागतात ते कागद, आणि ते कागद तुमचा नेहमीचा डॉक्टर आणि तुमचा औषध दुकानदार या दोघांच्या हातात असतात. मॉर्फिनसारख्या औषधांच्या आयात-निर्यातीचे परवाने ग्वाल्हेरचं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतं. कॅन्सरचा पेशंट प्रवासाला निघत असेल तर त्यानं त्या देशाच्या वकिलातीला आणि या ब्युरोला आधी लिहून विचारावं. बाकीच्यांना ग्वाल्हेरपर्यंत जायची गरज नाही.

माझी थोरली बहीण साताऱ्यात गोडोलीला राहते. दाजी लष्करातून निवृत्त झालेले, मणक्याचं दुखणं त्यांनी तिकडूनच आणलंय. सुनेचं बाळंतपण दुबईत होणार म्हणून दोघं दोन महिन्यांसाठी निघाली. दाजींना ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी सकाळ-संध्याकाळ लागते. दुबई म्हटल्यावर मी आधी त्याच गोळीचं नाव विचारलं, कारण ट्रॅमाडॉलच्या बाबतीत अमिरातीत सूट नाही.

अमिरातीचा अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला शुल्क नाही. पासपोर्टची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराचा वैद्यकीय अहवाल जोडायचा. एवढं वाचून वाटतं, अर्ध्या तासाचं काम. पण आपल्याकडची चिठ्ठी एकदा परक्या माणसाच्या नजरेनं बघा. दाजींच्या चिठ्ठीवर वर नाव होतं “बाळासाहेब”, आडनाव आणि वय. पासपोर्टवर बाळासाहेब नावाचा माणूसच नाही. आमच्या भागात हे घरोघरी आहे. आबा, नाना, बापू, अण्णा, बाळासाहेब, हीच नावं रेशनकार्डापासून दवाखान्याच्या फाइलीपर्यंत पोचलेली, आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव फक्त पासपोर्ट काढताना कपाटातून बाहेर आलेलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनं ही गोळी दुसऱ्याच कुणाची तरी.

नावाखाली औषध लिहिलेलं ब्रँडनं, तेही डॉक्टरी अक्षरात. त्यापुढं “१-०-१”. आपल्याकडं शाळकरी पोरालाही कळतं की सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही आपली सोय आहे, बाहेरच्या माणसाला ती तशीच वाचता येईल असं धरून चालू नये. आणि किती दिवसांसाठी, ते कुठंच नाही. “चालू ठेवा,” एवढंच.

म्हणून चिठ्ठीबरोबर डॉक्टरांचं वेगळं पत्र घ्यायचं. लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं. त्यात पेशंटचं नाव अक्षरन्‌अक्षर पासपोर्टवर आहे तसं, पासपोर्ट क्रमांक, आजार कोणता, किती वर्षांपासून, औषधाचं मूळ रासायनिक नाव, किती मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून किती वेळा हे शब्दांत, प्रवास कुठून कुठवर आणि त्यासाठी एकूण किती गोळ्या. खाली सही, शिक्का, तारीख आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. ओपीडीत सकाळपासून खचाखच गर्दी असते. डॉक्टरांपुढं कोरा कागद ठेवून “लिहून द्या” म्हटलं तर दोन ओळी मिळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मी मजकूर आधी टाइप करून पेशंटच्या हातात देते, डॉक्टर वाचतात, दुरुस्त करतात, सही करतात. यात दुकानदाराचं काही जात नाही आणि डॉक्टरांचा वेळ वाचतो.

गोळ्यांच्या संख्येवरून दाजींचं आणि माझं थोडं वाजलं. दिवसाला दोन, साठ दिवस, म्हणजे १२० गोळ्या. ते म्हणाले, “वर दोन पट्ट्या टाक, फ्लाइट लांबली तर?” दुबईचं सोडा, इथलाच नियम सांगते. एनडीपीएसच्या १९८५ च्या नियमांत सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणारं औषध माणसाला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतं. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. म्हणजे १२० गोळ्या घेऊन दाजी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभे राहिले तरी “दीर्घकालीन उपचार” हे शब्द आणि आकडा चिठ्ठीवर पाहिजेच. तो लिहून घेतला आणि अर्जातही तोच टाकला. चिठ्ठी, पत्र, अर्ज, बिल आणि पिशवीतल्या प्रत्यक्ष गोळ्या, या पाचही ठिकाणी एकच आकडा जुळला पाहिजे. लष्करी माणसाला हे लगेच पटलं, स्टोअरचं रजिस्टर त्यांनी पाहिलेलं होतं.

मग बिलाची आणि पट्टीची गोष्ट. आम्ही औषधवाले कात्रीनं पट्टी कापण्यात पटाईत. सहा गोळ्या हव्या, सहा कापल्या. नाव राहतं एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्या, शक्यतो खोक्यासकट घ्याव्यात. बिलावर पासपोर्टवरचंच नाव, बॅच नंबर आणि मुदत. सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा फार सोयीचा, पण त्यात सुट्या पांढऱ्या गोळ्या भरून विमानतळावर गेलात तर त्या कशाच्या आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. डबा रिकामा न्या आणि घरी पोचल्यावर भरा.

दाजींची फाइल अशी तयार झाली. ताईचं विचारलं तर म्हणाली, “मला कशाच्या गोळ्या? बीपीची एक, ती तर तूच देतेस.” मी तिची बहीण आहे आणि पाकिटं ओळखण्यात माझं आयुष्य चाललंय. तिच्या पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात क्लोनाझेपामची पट्टी असते हे मला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा डॉक्टरांनी सुरू केलेली, मग अर्धी झाली, ती अर्धी सुटली नाही.

“अगं, ती काय औषध आहे होय? अर्धी तर घेते.”

“दाजींना माहितीय?”

“त्यांना आहे. पोराला नको कळायला. आणि सुनेला तर अजिबात नको. म्हणेल, सासू झोपेच्या गोळीवर आहे, बाळ कसं ठेवायचं हिच्यापाशी.”

या विषयावर लिहायचं मनात होतं ते या उत्तरामुळं. नियम इंटरनेटवर सापडतात, विचारलं तर वकिलातही उत्तर देते. पण माणसं खरं नावच सांगत नाहीत, तिथं सगळं अडतं. दुखण्याची गोळी लोक चारचौघांत काढून खातात. झोपेची, मनाची, फिटची गोळी लपवतात. लग्न ठरताना लपवतात, नोकरीत लपवतात, पोरांपासून लपवतात. काउंटरवर पुढं वाकून हळू आवाजात मागतात, बिल नको म्हणतात, काळ्या पिशवीत द्या म्हणतात. मग परदेशी जाताना तीच सवय बॅगेतही जाते. पट्टी पाकिटातून काढून रुमालात गुंडाळलेली, दुसऱ्याच औषधाच्या बाटलीत ओतलेली, साडीच्या घडीत ठेवलेली. सुनेला कळू नये म्हणून केलेली ही युक्ती कस्टम्सवाल्याच्या नजरेत मात्र चोरी दिसते. जाहीर केलेली आणि कागद असलेली क्लोनाझेपाम हे औषध, आणि अंगावर लपवलेली तीच पट्टी हा संशय. अर्ध्या गोळीसाठी पंचेचाळीस मिनिटं समजावलं तेव्हा ताईनं पर्स उघडली. साठ दिवसांच्या तीस गोळ्या, दुसरं पत्र, दुसरा अर्ज. मुलाला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मग यात काय?”

कागदांचं झालं, आणि बॅग भरताना निघाले डिंकाचे लाडू. बाळंतिणीसाठी ताईनं डिंकाचे आणि अळिवाचे लाडू केलेले, डिंकाच्या लाडवांत रीतीप्रमाणं खसखस भाजून घातलेली. शेजारच्या डब्यात अनारसे, वरून खसखस लावलेले. रश्श्याच्या मसाल्यातही खसखस. आपल्याकडं खसखस म्हणजे वाण्याकडची साधी वस्तू. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, तिचंच हे बी, आणि आपल्या कायद्यानं बी विकायला, खायला बंदी नाही. पण अमिराती आणि सौदीत खसखस नेणं हा गुन्हा आहे, कारण बियांना अफूचा अंश चिकटलेला असू शकतो. सिंगापूरही खसखशीच्या बाबतीत कडक आहे. ट्रॅमाडॉलच्या १२० गोळ्या रीतसर परवानगीनं चालल्या होत्या आणि गोत्यात आणायला एक अनारसा पुरला असता. ताईनं रात्री बसून बिनखसखशीचे लाडू पुन्हा वळले. अनारसे आम्ही इथं संपवले, तो भाग सोपा गेला. मिरजेतून सौदीला उमऱ्यासाठी निघणाऱ्यांना मी आता गोळ्यांच्या आधी मसाल्याचं विचारते.

दुबईवर इतकं लिहिलं म्हणून बाकीचे देश सैल आहेत असं नाही, फक्त प्रत्येकाची रीत वेगळी. सिंगापूरला नियंत्रित औषध न्यायचं तर त्यांच्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडं पोचण्याच्या किमान १० कामकाजाच्या दिवसांआधी अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांहून कमी साठ्याला डॉक्टरांचं पत्र पुरतं, त्याहून जास्त असेल तर गृहखात्याचा परवाना. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपुरतं चालतं, पण विमानातल्या कार्डावर खरं लिहायचं. अमेरिकेचा पेच आमच्याकडं सगळ्यात जास्त येतो. व्हिसावर सहा महिने राहायला मिळतात आणि औषध साधारण ९० दिवसांपुरतंच न्या असं सांगितलं जातं. उरलेल्या तीन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरला दाखवणं हाच सरळ मार्ग. तो महाग आहे, मला मान्य आहे. निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना “ही गोळी कमी करता येईल का, बदलता येईल का” असं विचारायला काहीच हरकत नाही. मात्र झोपेची किंवा फिटची गोळी कटकट नको म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका. त्यानं फिट येऊ शकते, आणि विमानात आली तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

जपानची गोष्ट निराळी. साधं लिहून दिलेलं औषध महिनाभराचं चालतं, जास्त हवं तर आधी दाखला घ्यावा लागतो. मॉर्फिन, ऑक्सिकोडोनसारख्याला स्वतंत्र पूर्वपरवानगी. आणि ॲम्फेटामिनच्या गोळ्यांना चिठ्ठी असो, पत्र असो, प्रवेशच नाही. सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर तेही बाद. जून २०१५ मध्ये टोयोटाच्या अमेरिकन जनसंपर्क प्रमुख ज्युली हॅम्प यांना टोकियोत अटक झाली, कारण अमेरिकेहून त्यांच्या नावानं आलेल्या पार्सलात ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या निघाल्या. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मागवल्या होत्या असं त्यांनी सांगितलं. खटला झाला नाही, जुलैमध्ये सुटका झाली, पण नोकरी गेली. जगातल्या बड्या कंपनीचे वकील हाताशी असताना ही तऱ्हा.

इजिप्तचं प्रकरण तर ट्रॅमाडॉलचंच. एक ब्रिटिश बाई ऑक्टोबर २०१७ मध्ये हुरगदाच्या विमानतळावर उतरली ती २९० गोळ्या घेऊन. तिथल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, बंदी आहे हे माहीत नव्हतं, असं तिनं सांगितलं. तीन वर्षांची शिक्षा झाली, जानेवारी २०१९ मध्ये ती सुटली. यातलं लक्षात ठेवायचं ते हे, की गोळ्या तिच्या स्वतःच्या नावावर लिहून दिलेल्या नव्हत्या.

याचसाठी दुसऱ्याची पट्टी नेऊ नका असं मी कानीकपाळी ओरडते. निघायची बातमी गल्लीत पसरली की शेजारीण येते, “आमच्या सुरेशला एवढ्या दोन पट्ट्या द्याल का? तिकडं फार महाग आहे.” नाही म्हणणं जड जातं. पण परवानगी ज्याच्या नावावर, औषध त्याचंच, आणि पिशवी ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा. २०१९ मध्ये मुंबईचं एक दांपत्य नात्यातल्या बाईनं दिलेलं पुडकं घेऊन दोह्याला उतरलं आणि त्यात चार किलोंवर चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, निर्दोष ठरून परतायला २०२१ चा एप्रिल उजाडला. ते औषध नव्हतं हे खरं, पण पुडकं हातात घेतानाचं “घरचंच तर आहे” हे वाक्य तेच. कुरिअरनं गोळ्या पाठवण्याचाही तोच मामला. कुरिअरवाला म्हणतो काही होत नाही, आणि झालं तर पार्सल सोडवायला तो जात नाही.

तुम्ही म्हणाल, औषधवाली फारच घाबरवते. आमच्या भागात या गोळ्यांकडं पोलीस आणि प्रशासन कडक नजरेनं का बघतात ते इथं राहणाऱ्याला कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला, कुपवाड म्हणजे आमच्या हाकेच्या अंतरावर. झोपेच्या गोळ्या नशेसाठी मागायला येणारी पोरं आम्ही रोज परत पाठवतो. त्याआधीच, १ मार्च २०१४ पासून, शेड्यूल एच-वन आलं. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, झोल्पिडेम अशी यादीतली औषधं देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. त्याच्याही आधी, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, फार्मासिस्ट दुकानात हजर नसेल तर शटर खाली अशी वेळ आली होती. तेव्हा आमच्या धंद्यातल्या अनेकांनी बोटं मोडली, मी तेव्हाही खूश होते. एच-वनच्या रजिस्टराचा प्रवाशाला उलट फायदाच आहे. तुमची गोळी वर्षभर तुमच्याच नावावर, एकाच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेलीय, याचा तो पुरावा. बिल नको म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी हेच सांगते.

विमानतळावरचं काम थोडं आहे. गोळ्या आणि कागद हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनच्या बॅगेत नाही. ती बॅग हरवली तर औषधही जातं, आणि गोळ्या एकीकडं नि कागद दुसरीकडं झाले तर दोन्ही निरुपयोगी. कागदांच्या दोन प्रती काढून एक मुलाकडं आधीच पाठवावी, फोनमध्येही ठेवावी. उतरल्यावर जाहीर करायच्या वस्तूंचा लाल मार्ग धरायचा, हिरवा नाही. वाटेत दोहा किंवा दुबईला विमान बदलत असेल तर त्या देशाचाही नियम आधी बघावा. मुक्काम पडून बाहेर यावं लागलं तर तोच कायदा लागू होतो. तिकीट निघालं की त्याच आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर औषधाचं मूळ नाव घालून शोधा, कळलं नाही तर ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा. निघायच्या आधी दीड महिना हाताशी असेल तर कुणाचीच धावपळ होत नाही.

आणखी एक प्रकार मे महिन्यात सुरू होतो. अमेरिकेतली नातवंडं सुट्टीला सांगलीत येतात. एखाद्याला तिकडं ॲडेराल चालू असतं. आणलेल्या गोळ्या संपतात आणि आजी रिकामी बाटली घेऊन दुकानात येते, “ही मिळेल का गं?” मिळत नाही. ते ॲम्फेटामिन आहे, आपल्याकडं ते औषध म्हणून विकत नाहीत. जवळचं मिथाइलफेनिडेट मिळतं, पण ते शेड्यूल एक्समधलं. त्याला भारतातल्या डॉक्टरांची दोन प्रतींतली चिठ्ठी लागते, एक प्रत दुकानात दोन वर्षं राहते, औषध कुलपात असतं, आणि विकणाऱ्याकडं वेगळा परवाना लागतो. तो सगळ्याच दुकानांकडं नसतो, माझ्याकडंही नाही. आणि एका औषधावरून दुसऱ्यावर मुलाला न्यायचं की नाही हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तेव्हा नातू निघायच्या आधीच फोन करून सांगा, सुट्टी संपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या, डॉक्टरांचं पत्र आणि त्याच्या नावाचं लेबल असलेली मूळ बाटली घेऊन ये. लेबल खरवडून त्यात बडीशेप भरू नका, परत जाताना ती बाटली लागते.